चूळ भरण्यापुरता वेळ

“पुढच्या खेपेला कॅप बसवली, की सुटलात तुम्ही,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आणि खुर्चीत आडव्या पडलेल्या मसुदाकाराच्या पोटात धस्स झाले. वस्तुतः ज्याची दाढ गेले कित्येक आठवडे कोरली जात आहे अशा कोणत्याही सुबुद्ध माणसाला या वाक्याने हायसे वाटावयास हवे होते. त्याला तसे वाटले नाही. आणि का वाटले नाही हे तपासल्याशिवाय एखादी भावना पदरात घेणे त्याच्या स्वभावात नव्हते. बधिर करणाऱ्या इंजेक्शनाचा परिणाम म्हणावा, तर ते जबड्यात दिले होते, पोटात नव्हे. भूक म्हणावी, तर तो जेवून आला होता. ‘सुटलात म्हणजे नेमके कशातून?’ असे त्याला विचारावयाचे होते. परंतु त्याच्या तोंडात त्या वेळी एक आरसा, एक थुंकी ओढणारी नळी, कापसाचे बोळे आणि डॉक्टरीणबाईंची दोन बोटे एवढा ऐवज होता, आणि या सर्वांच्या फटीतून जे बाहेर पडले ते केवळ “आँ” होते.

“दुखतंय?”

त्याने नकारार्थी मान हलवली.

“मग हलू नका. हां, तर मी काय सांगत होते, ती परिचारिका त्याला पहिल्या नजरेतच ओळखते, पण ओळख दाखवत नाही. का, ते मी सांगणार नाही. तुम्ही वाचा.”

सरकारच्या विधी विभागात कायद्यांचे मसुदे रचणे हे त्याचे काम होते. उद्या एखादा माणूस सार्वजनिक बागेत बदक घेऊन आला, तर ते बदक ‘पाळीव प्राणी’ ठरेल काय, आणि ते त्याच्या काखेत असेल तर त्याने बागेत ‘प्रवेश केला’ असे म्हणता येईल काय, याची काळजी तो आज वाहत असे. त्याच्या प्रत्येक कलमाला एक तरी ‘परंतु’ लागे, म्हणून कचेरीत त्याला पाठीमागे, आणि हल्ली तोंडावरही, ‘परंतुसाहेब’ म्हणत. त्याला त्याचे वाईट वाटत नसे. जगात अपवाद आहेत हा काही त्याचा अपराध नव्हता. घरी तो जुने गद्य वाचत असे: निबंध, चरित्रे, प्रवासवृत्ते, ज्यांच्या वाक्यांत शिरताना वाचकाला कंबर कसावी लागते आणि बाहेर पडताना आपण थोडे उंच झालो असे वाटते. पूर्वी या वाचनाला एक भागीदार होता, शेजारचे निवृत्त न्यायाधीश. दोघे रोज संध्याकाळी कालव्याच्या काठाने फिरत आणि भांडत. लांब वाक्य हे विचाराचे लक्षण की विचार टाळण्याची युक्ती, हा वाद त्यांनी कित्येक वर्षे चालवला, आणि एका हिवाळ्यात न्यायाधीश निकाल न देताच गेले. मसुदाकाराने मित्राचा शोक मनापासून केला. परंतु त्या शोकाच्या तळाशी एक क्षुल्लक, लाज वाटावी अशी तक्रार उरली, ती ही, की शेवटचा मुद्दा आपण मांडला होता आणि त्याला उत्तर आलेच नाही. तेव्हापासून त्याच्याशी कुणी भांडले नव्हते. घरी अक्का होती, त्याची थोरली बहीण. ती बोलत असे, पुष्कळ बोलत असे. पण अक्काचे बोलणे म्हणजे अंतिम निर्णय, त्यावर अपील नव्हते, आणि ज्यावर अपील नाही त्याला तो वाद म्हणत नसे.

अशा स्थितीत त्याची दाढ किडली. पहिल्या दिवशी तो गाल धरून आत गेला तेव्हा त्याच्या काखेत एका जुन्या चरित्राचा दुसरा खंड होता. डॉक्टरीणबाईंनी तोंडावरच्या पट्टीच्या वरून त्या खंडाकडे पाहिले आणि विचारले, “काय वाचताय?”

“गद्य,” तो म्हणाला.

“कुणाचा खून होतो त्यात?”

“कुणाचाही नाही.”

“मग लग्न?”

“चरित्रनायकाचं लग्न पहिल्या खंडातच झालेलं आहे.”

“अरेरे! मग दुसऱ्यात उरलंय काय? आ करा.”

उत्तर त्याच्यापाशी होते. ते पूर्वपक्ष, उत्तरपक्ष आणि सिद्धांत अशा क्रमाने त्याच्या मनात जवळजवळ तयारही झाले होते. पण तोपर्यंत त्याच्या तोंडाचा ताबा गेला होता, आणि ज्या माणसाने उभ्या जन्मात दुसऱ्याचे विधान विनाहरकत जाऊ दिले नव्हते, त्याला पुढचा सारा वेळ डोक्यावरच्या झगझगीत दिव्याकडे पाहत ऐकून घ्यावे लागले, की जगात वाचण्यासारख्या गोष्टी दोनच, कुणी मारलं आणि कुणाचं कुणावर आहे. बाकी सगळी वर्णनं. “माझ्याकडे येणारा प्रत्येक माणूस खोटं बोलतो,” डॉक्टरीणबाई कोरता कोरता सांगत होत्या. “रोज दोनदा घासतो म्हणतात. गोड? छे, शिवतही नाही म्हणतात. आणि आत बघावं तर सगळं लिहून ठेवलेलं. म्हणून मला तपासाच्या गोष्टी आवडतात. आणि प्रेमाच्या आवडतात, कारण दिवसभर जो येतो तो माझ्याकडे बघून घाबरतो. कुणीतरी कुणाला तरी बघून खूश होतंय हे निदान रात्री वाचायला तरी मिळावं की नाही?” या युक्तिवादात किमान दोन दोष होते. ते दाखवण्यासाठी त्याने घशातून आवाज केला. “जरा कळ काढा,” त्या म्हणाल्या.

निघताना त्यांनी टेबलाच्या खणातून एक कादंबरी काढून त्याच्या हातात दिली. मुखपृष्ठावर समुद्राकाठी एक तरुणी उभी होती. तिचे केस एका दिशेला उडत होते आणि ओढणी विरुद्ध दिशेला, म्हणजे त्या किनाऱ्यावर वारे दोन होते. त्याने ती पिशवीत चरित्राच्या पाठीमागे ठेवली आणि घरी येऊन वाचावयास घेतली. शत्रूच्या छावणीत दारूगोळा किती आहे ते पाहून यावे, तेवढ्याच हेतूने. कादंबरीत दीपगृहाची दुरुस्ती करणारा एक अभियंता होता आणि किनाऱ्याचे नकाशे काढणारी एक बाई होती. त्याला वाटत होते की तिचे लग्न ठरलेले आहे; तिला वाटत होते की तो बदली मागून चालला आहे; आणि दोघेही, सुशिक्षित असून, तोंडाने एकमेकांना काही विचारीत नव्हते. एका साध्या प्रश्नार्थक वाक्याने जी कादंबरी चौथ्या प्रकरणात आटोपली असती, ती केवळ पात्रांच्या हलगर्जीपणामुळे चाळीस प्रकरणे चालली होती. भाषा तर विचारूच नये. ‘तिच्या डोळ्यांत हजारो वादळे मावळली’ या वाक्यापाशी तो थांबला. वादळ मावळत नाही, शमते. आणि हजारो वादळे मावण्यास डोळा हे स्थान अपुरे आहे. हे त्याने स्वतःशी स्पष्टपणे नोंदवले, पान उलटले, आणि पुढे वाचू लागला.

“अरे, दूध उतू गेलं तुझ्या नाकासमोर!” अक्का स्वयंपाकघराच्या दारात येऊन ओरडली. “एवढं काय वाचतोयस?”

“प्रतिपक्षाचं म्हणणं.”

“मग डोळे का पुसतोयस?”

“दाढ दुखतेय.”

“दाढेचं पाणी डोळ्यांतून येतं होय,” अक्का म्हणाली, आणि नेहमीप्रमाणे निकाल देऊन आत गेली.

पुढच्या भेटीला तो पूर्ण तयारीनिशी गेला. तेथे गेल्यावर त्याला कळले, की दाताच्या खुर्चीत प्रतिवाद करण्यास मिळणारा वेळ म्हणजे चूळ भरण्यापुरता वेळ. “भरा,” असे म्हणून डॉक्टरीणबाई हत्यार बदलीत, आणि तेवढ्यात पाणी तोंडात घ्यावयाचे, खळखळवावयाचे, शेजारच्या वाडग्यात टाकावयाचे आणि उरलेल्या क्षणात आपली बाजू मांडावयाची. “त्या अभियंत्याला विचारायला काय हरकत होती?” एवढे त्याने पहिल्या चुळीला म्हटले. “भरा परत,” त्या म्हणाल्या. “एका सरळ प्रश्नानं सगळा—” “आ.” आणि मग कोरणीच्या आवाजात त्यांचे उत्तर आले: “सरळ प्रश्न विचारणारी माणसं तुम्ही पाहिलीत कुठं? माझ्याकडे एक येतात. दहा वर्षं दाढ दुखतेय, पण बायकोला सांगितलेलं नाही. का? तर ती म्हणेल, मी सांगत होते. बोला आता.” तो बोलू शकत नव्हता, हे त्यांना ठाऊक होते. त्याला हे नियमबाह्य वाटे, आणि घरी परतताना आपण वेगाने चालत आहोत असे त्याच्या ध्यानात येई.

आठवड्यामागून आठवडे हे चालले. खणातून कादंबऱ्या निघत गेल्या: विषप्रयोगाची, जुळ्या भावांची, हरवलेल्या वारसाची, ज्यात वसतिगृहाची अधीक्षक बाई आपल्या जुन्या प्रियकराला चोर समजून माळ्यावर कोंडून ठेवते ती. प्रत्येक कादंबरी तो खंडनासाठी वाची. आणि खंडन चुळीत मावावे म्हणून ते कापून, तासून, लहान करून नेई. ज्याच्या वाक्याला पूर्वी श्वास पुरत नसे, तो आता तीन-चार शब्दांत माणूस आडवा करू लागला. “माळ्याला खिडकी होती!” तो थुंकून म्हणे. “बाहेरून गज होते. पान परत बघा.” तो परत बघे, गज असत. कचेरीत एकदा सहसचिवांनी त्याचा मसुदा दोन्ही बाजूंनी उलटून पाहिला आणि चष्मा काढला. “परंतुसाहेब, या कलमाला परंतुक नाही?” “आवश्यकता वाटली नाही,” तो म्हणाला. सहसचिवांनी त्याला प्रकृतीची चौकशी करून लवकर घरी जाण्याची परवानगी दिली.

एकाच प्रश्नावर मात्र दोघांपैकी कुणीही मागे हटले नाही. त्याचे मत असे होते, की चांगल्या पुस्तकाला शेवट आधी कळल्याने बाध येत नाही. किंबहुना तीच त्याची परीक्षा. न्यायाधीशांना आणि त्याला, दोघांनाही, चरित्रनायक शेवटी मरतो हे पहिल्या पानापासून माहीत असे, आणि त्यामुळे त्यांचे काही अडले नव्हते. तो स्वतः कोणतेही पुस्तक घेतले की शेवटचे पान प्रथम वाची. हे त्याने एका चुळीत सांगितले मात्र, डॉक्टरीणबाईंचा हात हवेतच राहिला. “म्हणजे त्या अधीक्षक बाईंचं? ते विष कुणी घातलं ते?”

“आरंभीच पाहिलं.”

“अहो, तुम्ही माणूस आहात की कोण! आ करा. त्या शेजारच्या दाढेकडेही बघते आता.” आणि त्यांनी खरोखरच शेजारच्या दाढेवर आरशाची दांडी ठकठक वाजवली. त्या दिवशी त्या पुढे काही बोलल्या नाहीत. खोलीत केवळ यंत्राचा आवाज होता, आणि त्या शांततेत त्याला असे जाणवले, की आपण या बाईंना दुखावले आहे, आणि हे आपणास आपल्या दाढेपेक्षा अधिक लागत आहे. ही तुलना प्रमाणबद्ध नव्हती. तरीही ती टिकली.

आणि मग ‘सुटलात’ हा शब्द. पुढच्या खेपेस त्या खरोखरच कॅप बसवून मोकळ्या झाल्या. “चावून बघा. उंच लागतेय? नाही? छान. आता वर्षानं दाखवायला या.” खणाकडे त्यांचा हात गेला नाही, बाहेर गर्दी होती, दवाखान्यातल्या मावशींनी दारातून दुसऱ्याचे नाव पुकारले होते. तो रस्त्यावर आला. उन्हात लोक फळे निवडत होते, कुणी सायकलची साखळी चढवीत होते, आणि त्याचे तोंड, कित्येक आठवड्यांनी प्रथमच, सर्वस्वी त्याच्या मालकीचे होते. ते घेऊन काय करावे हे त्याला कळेना. घरी येऊन त्याने चरित्राचा दुसरा खंड उघडला. वाक्ये पूर्वीसारखीच भव्य होती. क्रियापदे आपापल्या जागी अदबीने उभी होती. चरित्रनायक एका सभेला गेला, तेथून परतला, आणि पुन्हा एका सभेला गेला. मसुदाकाराच्या मनात, कुणी विचारले नसताना, प्रश्न आला: पण याचं कुणावर आहे? तो दचकला आणि त्याने पुस्तक मिटले. संध्याकाळी कालव्याकाठी तो एकटाच चालला. पाण्यात एक रिकामी बाटली वाहत होती. ती जलसिंचन खात्याची मालमत्ता ठरते काय, याचा विचार त्याने करून पाहिला, आणि तोही मध्येच सुटला. सुटणे म्हणजे हे असेल तर, त्याला वाटले, ते शिक्षेच्या प्रकारांत घालावयास हवे.

नंतर एका दुपारी तो कोपऱ्यावरच्या भाड्याने पुस्तके देणाऱ्या दुकानात गेला, आणि कुणी सुचवले नसताना, स्वतःच्या जबाबदारीवर, एक रहस्यकथा घेऊन आला. बर्फाने वेढलेल्या डोंगरावरील विश्रामगृहात पियानो दुरुस्त करणारा एक म्हातारा पियानोतच मृतावस्थेत सापडतो. विश्रामगृहात एक गवई बाई होती, एक सेनेतला माणूस होता, व्यवस्थापक होता आणि स्वयंपाकी होता. मसुदाकाराचा संशय स्वयंपाक्यावर होता, कारण तो अकारण विनोदी होता. नेहमीप्रमाणे त्याने शेवटचे पान उघडण्यासाठी अंगठा घातला, आणि काढून घेतला. का काढला याचे कारण त्याला देता आले नसते. त्याने फक्त हे पाहिले, की अर्ध्यावर आल्यावर आपण उठून खोलीत फेऱ्या घालीत आहोत, आणि त्या फेऱ्यांत मनातल्या मनात आरशाच्या दांडीला उद्देशून बोलत आहोत: हे तुम्ही वाचलेच पाहिजे, खिडक्यांच्या गजांकडे लक्ष ठेवा, स्वयंपाकी मला पसंत नाही, तुमचे मत काय? जिला हे सांगावयाचे ती व्यक्ती चार गल्ल्या पलीकडे बसली होती. आणि तेथे पुस्तक घेऊन सरळ जाता येत नव्हते, कारण दवाखान्यात जाण्यास दुखणे लागते. एका साध्या वाक्याने काम भागले असते हे त्याच्या ध्यानात आले नाही असे नव्हे. दीपगृहाचा अभियंता त्याच्या नजरेसमोर येऊन उभा राहिला. पण तो अभियंता तरुण होता आणि मूर्ख होता, या दोन्ही कारणांनी त्याने ती उपमा फेटाळली.

म्हणजे दुखणे निर्माण करणे प्राप्त झाले. आता प्रश्न एवढाच होता, की ते कोणत्या दाताला व्हावे. आरशासमोर उभा राहून त्याने सर्वांवरून नजर फिरवली. समोरचे दात सरळमार्गी होते. वरच्या दाढांनी आजवर तक्रारीला जागा दिली नव्हती. ज्याच्याविरुद्ध पूर्वी काही नाही अशा निरपराध दातावर केवळ आपल्या सोयीसाठी आळ घेणे त्याच्या न्यायबुद्धीला पटेना. त्यातही एखाद्या निर्दोष दाताला उद्या खरोखर कोरले तर? सर्व बाजूंनी विचार करता एकच दाढ योग्य ठरत होती, डावीकडची, खालची, मागून दुसरी. तिचा पूर्वेतिहास होता. तिच्याविषयी काहीही सांगितले तरी ते विश्वसनीय वाटले असते. निर्णय झाल्यावर त्याला समाधान वाटले. असे निर्दोष कलम त्याच्या हातून फार दिवसांत उतरले नव्हते.

“दवाखान्यात जाऊन येतो,” त्याने अक्काला सांगितले. “दाढेला थंड लागतं.”

“आत्ताच मटकावलास तो टोस्ट कडाकडा. तो नाही लागला?”

“टोस्ट थंड नव्हता.”

“इस्त्रीचा सदरा का घातलायस मग? दाढेला दाखवायला?”

याला उत्तर देता येण्यासारखे होते. परंतु त्याने रहस्यकथा पिशवीत टाकली आणि तो निघाला.

दवाखान्यात बाहेरच्या बाकावर एक जाडजूड गृहस्थ सुजलेला गाल तळहातात धरून बसले होते. मावशींनी ओळखीचा म्हणून मसुदाकाराला आधी आत सोडले. खुर्ची, दिवा, वाडगे, सर्व आपापल्या जागी होते, आणि ते पाहून त्याला आपण घरी आलो असे वाटले, हे त्याला बरोबर वाटले नाही. “तुम्ही? वर्ष झालं एवढ्यात?” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. त्याने लक्षणे सांगितली, नीट, क्रमाने: थंड पाण्याने कळ, ती कानापर्यंत जाते, विशेषतः सायंकाळी. त्यांनी ऐकून घेतले. मग चिमट्यात कापूस धरून त्यावर त्यांनी कसला तरी गार फवारा मारला आणि तो शेजारच्या दाढेला लावला. “इथं?” “किंचित. क्षणभर.” “आणि इथं?” आता कापूस कॅपवर होता. त्याला काहीही जाणवले नाही. “आँ!” तो म्हणाला, आणि पायही थोडे उचलले.

“खूप?”

“असह्य.”

“विचार करून सांगा. याच दाढेला?”

“याच. निःसंशय.”

डॉक्टरीणबाईंनी चिमटा तबकात ठेवला. हातमोजे काढले. मग तोंडावरची पट्टी हनुवटीखाली ओढली, आणि त्याने प्रथमच पाहिले, की एवढे दिवस ज्या चेहऱ्याशी आपण भांडलो त्याचा खालचा अर्धा भाग आपल्या कल्पनेहून अगदी वेगळा आहे; ओठ रुंद होते, आणि ते हसू दाबण्याच्या खटपटीत होते.

“या दाढेतली नस मी काढली आहे,” त्या म्हणाल्या. “माझ्या हातानं. तुम्ही इथंच होतात.”

त्याने दिव्याकडे पाहिले.

“नस नाही, तर थंड लागणार कुणाला? मढ्याला थंडी वाजतेय म्हणताय तुम्ही.”

“परंतु ज्यांचा पाय कापला जातो, त्यांनाही त्या पायाच्या ठायी वेदना—”

“दाढ म्हणजे पाय नव्हे.”

“अपवादात्मक परिस्थितीत—”

“दुखत नसलेल्या शंभर दाढा होत्या जगात. त्यातली हीच का धरलीत?”

‘हिचा पूर्वेतिहास होता’ हे कारण त्याच्या ओठांवर आले आणि तेथेच, त्याचा मूर्खपणा त्याला स्वच्छ दिसून, विरले. कानांच्या पाळ्या तापल्या. खुर्ची मागे झुकलेली होती, आणि अशा अवस्थेत माणसाला मानाने उठूनही जाता येत नाही. बाईंची नजर त्याच्या पिशवीवर गेली. तिच्या तोंडातून पुस्तक अर्धे बाहेर आले होते. त्यांनी ते उचलले. “अय्या! पियानोवाला! कुठवर आलात?”

“सेनेतला माणूस तळघरात उतरतो आहे.”

“शेवटचं पान वाचून झालं असेलच.”

“नाही,” तो म्हणाला. आणि हे कबूल करावयास त्याला दाढेच्या गोष्टीहून अधिक जड गेले. “या खेपेला नाही वाचलं.”

डॉक्टरीणबाईंनी तिपाई पुढे ओढली, पुस्तक मांडीवर ठेवले आणि तपास अधिकाऱ्याच्या शांतपणाने म्हणाल्या, “मला माहितीय कुणी मारलं ते. आता बऱ्या बोलानं सांगा, का आलात? नाहीतर सांगते नाव.”

“हे योग्य नव्हे.”

“त्याचं नाव सुरू होतं—”

“सांगू नका!” तो ओरडला. खुर्चीत ताडकन उठून बसताना त्याचे डोके दिव्याला लागले. बाहेर बाक करकरल्याचा आवाज आला. जाडजूड गृहस्थ बहुधा उभे राहिले असावेत. “सांगू नका. मी तुमच्याशी बोलायला आलो.”

वाक्य संपले. त्याला पुढे काहीतरी लागेल, म्हणून तो थांबला. एखादे परंतुक, एखादे स्पष्टीकरण, निदान ‘उपरोक्त पुस्तकाच्या संदर्भात’ एवढे तरी. काही लागले नाही. ते तसेच, उघडेबोडके, खोलीच्या मध्यभागी उभे राहिले. आता या बाई हसतील, आणि मग कालव्याकाठी चालावयाचे, रोज, जोवर पाय चालतील तोवर, आणि प्रत्येक मुद्दा आपणच मांडावयाचा आणि आपणच मान्य करावयाचा. त्याने वाडग्याकडे पाहिले. त्यात पाणी गोल गोल फिरत होते.

त्या हसल्या नाहीत. “एवढंच ना?” त्या म्हणाल्या. “त्याला दाढ लागत नाही हो.” आणि मग पुस्तकाच्या कोपऱ्याशी अंगठ्याने चाळा करीत, जराशा रागाने: “या खणातून किती जणांना पुस्तकं दिली मी. सगळे म्हणतात, छान होतं डॉक्टर. छान होतं! भितात ना. माळ्याला खिडकी होती असं म्हणणारे तुम्ही एकटे.”

“गज होते,” तो म्हणाला. “ते मी मागे घेतलं आहे.”

“नका घेऊ मागे. मला त्या गजांचाही संशय आहे. उठा आता. एकच पेशंट उरलाय, तो झाला की मावशी चहा टाकतील. तोवर बाहेर बसून हे संपवा, म्हणजे नीट भांडता येईल.”

तो बाकावर येऊन बसला. आत जाताना जाडजूड गृहस्थांनी त्याच्याकडे अशा नजरेने पाहिले, जणू तो फासावरून परतलेला माणूस आहे. त्याने पुस्तक उघडले. तळघरात दिवा विझला. गवई बाईने एक सूर धरला आणि सोडला. स्वयंपाकी हसण्याचे थांबला, आणि नेमका त्या क्षणी मसुदाकाराचा संशय समूळ कोसळला. त्याने पान उलटले. मग ते नाव आले. त्याने ते पुन्हा वाचले. ते अशक्य होते. आणि मागे वळून पाहता, दुसऱ्या प्रकरणापासून ते सर्वांच्या डोळ्यांसमोर, अगदी उजेडात, खुर्ची टाकून बसले होते. तो उठला. चहाची वाट पाहण्याचे त्याला भान राहिले नाही. मावशी “अहो, अहो” म्हणेपर्यंत त्याने दार ढकलले होते.

“स्वयंपाकी नव्हेच!” तो दारातून गरजला. “पियानोत ज्यानं त्याला—”

खुर्चीतून एक भयंकर आवाज उठला. जाडजूड गृहस्थांचे तोंड उघडे होते, त्यात नळी होती, कापूस होता, आरसा होता. त्यांचे दोन्ही हात हवेत जोडले गेले होते आणि डोळे विनवीत होते. त्यांच्या पोटावर, दुमडलेल्या कोपऱ्यांचे, अर्ध्यावर चष्म्याचे घर खूण म्हणून घातलेले, तेच पुस्तक होते. डॉक्टरीणबाईंच्या खणातली प्रत. मसुदाकाराला क्षणभर मत्सर वाटला, अगदी स्वच्छ, कादंबरीत असतो तसा. मग त्याने त्या डोळ्यांकडे पाहिले.

वाक्याचा कर्ता त्याच्या जिभेच्या टोकावर होता, क्रियापद त्याच्या मागे सज्ज होते. आयुष्यात त्याने कधी वाक्य अर्धे टाकले नव्हते. न्यायाधीशांसमोर नाही, सहसचिवांसमोर नाही, अक्काच्या दटावणीनेही नाही. डॉक्टरीणबाईंनी हातातली कोरणी थांबवली होती आणि पट्टीच्या वरून त्या काय होते ते पाहत होत्या.

त्याने तोंड मिटले. “आपलं चालू द्या,” एवढे गृहस्थांना म्हणून त्याने दार हलकेच लावून घेतले, आणि उरलेले अर्धे वाक्य सांभाळत तो चहाची वाट पाहत बसला.